उपाशीपोटीचे आकडे

माझ्या थोरल्या भावाला बाजारात सगळे काटेकोर म्हणायचे. ठेवणाऱ्याने ते नाव टोमणा म्हणून ठेवलं होतं, दादाने पदवीसारखं मिरवलं. आमचा धंदा वजनकाटे दुरुस्त करायचा. दुकानातला छोटा काटा असो की ट्रक तोलायचा मोठा, आम्ही जायचो, प्रमाण वजनं ठेवून तपासायचो, चूक असेल ती काढायचो आणि मगच सील लावायचो. तीस वर्षांत दादाने लावलेल्या सीलबद्दल एकाचीही तक्रार आली नाही. मला त्याचं कौतुक होतं. आता रागही येतो, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा येतो.

काटा तपासायची त्याची रीत ठरलेली होती. दुकानदार म्हणायचा, "बघा की, शून्य दाखवतोय, काही बिघडलेलं नाही." दादा म्हणायचा, "रिकामा काटा शून्य दाखवणारच. त्याच्यावर काहीतरी ठेव, मग बोलू." मग आधी अर्धा भार, मग पूर्ण भार, मग तेच वजन चारही कोपऱ्यांवर. एखादा काटा तीन कोपऱ्यांवर साळसूद असायचा आणि चौथ्यावर पाव किलो खायचा. असा चोर सापडला की दादाची कळी खुलायची. दुकानदाराचा चेहरा पडायचा तो वेगळा.

नऊ वर्षांपूर्वी त्याला मधुमेह निघाला. दुसरा कोणी असता तर हबकला असता, दादाने साखर मोजायचं यंत्र आणलं आणि एक जाड वही आणली. यंत्र स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी. मी बिनलग्नाचा, सकाळचा चहा आणि दोन्ही वेळचं जेवण वहिनींच्याच हातचं. साडेसहाला मी चहाला पोचलो की दादा बोट टोचायचा, आकडा सांगायचा आणि मी वहीत लिहायचो, कारण त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. एकशे चार. एकशे आठ. एकशे अकरा. रात्रीचं जेवण तो सातच्या आत उरकायचा, तेही चिमणीएवढं, त्यामुळे सकाळी आकडा गुणी यायचा. आमचे नेहमीचे डॉक्टर ती वही इतर पेशंटना दाखवायचे.

डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं की जेवणानंतर दोन तासांनीही बघत जा, आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एक रक्ततपासणी असते ती करून घ्या. दादा म्हणाला, "रोजचा आकडा हातात असताना सरासरी कशाला? हात दाखवून अवलक्षण." डॉक्टर हसले. मीही हसलो. काट्यावर वजन ठेवल्याशिवाय बोलायचं नाही असं जगाला शिकवणारा माणूस स्वतःला रोज रिकाम्या पोटीच तोलत होता, आणि त्याच्या बाजूला बसून मी ते सुवाच्य अक्षरात लिहून घेत होतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच, पण तेव्हा आमच्या कोणाच्या ध्यानात आलं नाही.

वहिनी तर वही बघूनच डबा भरायच्या. आकडा एकशे दहाच्या आत असला की भात दोन डाव जास्त, तळलेले बटाटे आणि वर दोन केळी. "आज पास झालात," असं म्हणून त्या डबा दादाच्या हातात द्यायच्या. दादा बहुतेक रोज पास व्हायचा.

घामाची गोष्ट गेल्या वर्षी सुरू झाली. त्याआधी एकदा, फार पूर्वी, दादाने गोळी घेतली आणि जेवण चुकवलं, तेव्हा त्याची साखर खरोखरच उतरली होती. हात थरथरले, दरदरून घाम आला, यंत्राने अठ्ठावन्न दाखवले. दोन चमचे साखर तोंडात टाकली आणि पंधरा मिनिटांत गडी ठणठणीत. तेव्हापासून आमचा नियम झाला: घाम आला की साखर. माझ्या पिशवीत स्क्रू आणि पान्यांबरोबर साखरेच्या पुड्या असायच्या, दादाच्या खिशात दोन असायच्या.

गेल्या वर्षी एका गोदामाच्या जिन्यावर दादा मधेच थांबला. कपाळावर घाम, श्वास जरा चढलेला. "उतरली वाटतं," म्हणाला. मी पुडी दिली. तो पायरीवर बसला, साखर चघळली, दहा मिनिटांनी उठला आणि वर गेला. त्याला बरं वाटलं होतं ते बसल्यामुळे, पण श्रेय साखरेला गेलं. यंत्र घरी फळीवर होतं, त्यामुळे तिला खोटं पाडायला कोणी नव्हतं.

मग ते महिन्यातून एकदा व्हायला लागलं, मग पंधरा दिवसांनी. वीस किलोची लोखंडी वजनं उचलली की हमखास. मी प्रत्येक वेळी वहीत शेवटच्या पानावर तारीख टाकून लिहायचो, 'साखर उतरली'. दादाच म्हणाला होता, नोंद असू दे. माझी शिस्त बघा, ऐकीव गोष्टही मी तारखेसकट लिहिली.

त्यात जबडा दुखायला लागला. डाव्या बाजूचा, खालचा. वजन उचललं की कळ यायची, खाली ठेवलं की जायची. दादा दातवाल्याकडे गेला. त्याने दाढ ठोकून पाहिली, फोटो काढला आणि म्हणाला, दाढ चांगली आहे. दादा म्हणाला, "चांगली असती तर दुखली असती का? काढा." दातवाल्याने दोन दिवस नाही नाही म्हटलं आणि तिसऱ्या दिवशी काढली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. आठवड्याने वजन उचलताना त्याने परत जबडा धरला, तेव्हा त्या जागी दाढच नव्हती. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "शेजारची किडली असणार," तो म्हणाला. मला ते पटलं नाही, पण मी वजन उचलून बाजूला ठेवलं आणि पुढचं काम विचारलं.

आता जे सांगायचं ते सांगतो. साखरेच्या यंत्राची बॅटरी संपली होती, म्हणून मी ते आमच्या दुकानात आणलं. नवी बॅटरी घातली. यंत्र दुरुस्त केलं की चालवून बघायचं ही आमची सवय, म्हणून मी दादाचं बोट मागितलं. दुपारचे दोन वाजले होते, जेवून दीड-दोन तास झाले होते. यंत्राने दाखवले दोनशे शहाऐंशी.

"केळं सोललंय मी," दादा म्हणाला. "हात चिकट आहेत."

त्याने साबणाने हात धुतले. दुसरं बोट टोचलं. दोनशे एकोणऐंशी.

"बॅटरी नवी आहे. अजून बसली नाही."

असं कारण एखाद्या किराणावाल्याने दिलं असतं तर दादाने त्याची भर बाजारात खिल्ली उडवली असती. मी तसं म्हणालोही. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, मीही चिडलो असतो आणि दोघं भांडत डॉक्टरांकडे गेलो असतो. तो हळू आवाजात म्हणाला, "वहिनीला बोलू नकोस. माझं दुपारचं जेवण बंद करेल ती. रात्रीचं तर गेलंच आहे, दिवसात तेवढं एकच सुख उरलंय मला." "आणि वहीत लिहू नकोस."

मी लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा आला एकशे नऊ, तो लिहिला. दोन महिने मी मूग गिळून बसलो. दर दुपारी दादा डबा उघडायचा तेव्हा माझा घास तोंडात फिरायचा, आणि तरी मी त्याच्यासमोर बसून तोच भात खात होतो.

वहिनींना संशय आला तो मुंग्यांमुळे. दादाच्या पँटच्या खिशात मुंग्या लागल्या होत्या. त्यांनी पँट धुवायला काढली, खिशात फुटलेली पुडी सापडली, आणि शर्ट हातात घेतला तर पाठीवर घाम वाळून पांढरे डाग. एका सकाळी दादा बूट घालायला बाहेर गेला तेव्हा त्यांनी यंत्र माझ्या पिशवीत टाकलं.

"भावोजी, आज घाम आला तर आधी बघा, मग साखर द्या. एवढ्या वेळा कशी उतरते यांची? डबा तर भरून देते मी."

तेव्हाही मी सांगू शकलो असतो. बाहेरून दादाने हाक मारली आणि मी गेलो.

त्या दिवशी काम ट्रकच्या काट्याचं होतं. खडी आणि वाळूचं आवार, मधे ट्रक चढवायचा लोखंडी पाट, कडेला केबिन. दुपारी जेवून आम्ही कोपरे तपासायला घेतले. दोन कोपरे झाले. तिसऱ्यावर सातवं वजन ठेवताना दादाने ते टाकलं. तीस वर्षांत त्याने वजन कधी टाकलं नव्हतं, प्रमाण वजनाचा टवका उडाला की ते बाद होतं. लोखंडावर लोखंड आदळल्याचा आवाज झाला आणि केबिनमधला माणूस खिडकीत आला.

दादाचा शर्ट पाहता पाहता भिजला. तोंडाचा रंग राखेसारखा झाला. दुखतंय का विचारलं तर म्हणाला, "नाही, छातीत काही नाही. उतरली." मी सवयीने पुडी फाडली आणि त्याच्या तोंडात रिकामी केली. मग वहिनींचं बोलणं आठवलं आणि यंत्र काढलं. माझ्या हातांना साखर लागली होती म्हणून आधी बाटलीतल्या पाण्याने माझे हात धुतले, मग त्याचं बोट धुऊन पुसलं. तीनशे अकरा.

मी यंत्र त्याच्यापुढे धरलं. त्याने आकडा वाचला. साखर अजून त्याच्या तोंडात होती, ती त्याने गिळली नाही, थुंकली.

"मग हा घाम कसला?" मी विचारलं.

 तो हिशेब करत होता हे मला दिसत होतं. जिना, वजनं, दाढ, प्रत्येक वेळची पुडी, सगळं तो एकेक करून मागे जाऊन तपासत होता. आणि मग म्हणाला, "अजून दीड कोपरा राहिलाय."

"दादा, मरू दे कोपरा."

"अर्धवट काट्यावर मी सील लावत नाही, आणि उघडा टाकून जात नाही. उद्या हे लोक यावर ट्रक तोलतील. तू ठेव वजनं, मी बसून बघतो."

आणि मी ठेवली. केबिनमधून खुर्ची आणली, त्याला बसवलं, तो तिथून उंटावरून शेळ्या हाकत राहिला आणि मी वजनं वाहत राहिलो. दर वजनाला मी वळून त्याच्याकडे पाहत होतो. त्याने डावा हात मांडीवर उलटा ठेवला होता, दुसऱ्याचा असल्यासारखा. चौथ्या कोपऱ्यावर आकडा बरोबर आला तेव्हा त्याने मान हलवली आणि ती मान परत वर आली नाही. केबिनवाल्याने आणि मी त्याला उचलून त्यांच्या गाडीत घातलं. वजन पडल्यापासून यात चाळीस मिनिटं गेली.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला सरळ. त्यांनी विचारलं, "त्रास किती वाजता सुरू झाला?" मी खरी वेळ सांगितली. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि लिहून घेतलं.

रात्री दादा शुद्धीवर आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी वहिनींना आणि मला खोलीत बोलावलं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या तिन्ही मोठ्या वाहिन्या आतून चिंचोळ्या झाल्या होत्या, एक तर जवळपास बंदच. आणि हा झटका पहिला नव्हता. हृदयाच्या मागच्या बाजूला जुना व्रण होता, काही महिन्यांपूर्वीचा.

"असं कसं?" वहिनी म्हणाल्या. "यांच्या छातीत कधी दुखलंच नाही."

"बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात नसा बधिर होतात. छाती दुखत नाही. नुसता घाम येतो, दम लागतो, कधी जबडा दुखतो."

वहिनींनी पदराआडून वही काढली आणि टेबलावर ठेवली. साखर ताब्यात होती हे त्यांना दाखवायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे पानं उलटली, नऊ वर्षांचे आकडे. मग त्यांनी काल केलेल्या तपासणीचा कागद शेजारी ठेवला. तीन महिन्यांची सरासरी, ती टक्क्यांत मोजतात, आठ पूर्णांक नऊ. सातच्या आसपास हवी.

"मग यंत्र बिघडलं असेल," वहिनी म्हणाल्या.

"यंत्र रोज सकाळी खरं तेच सांगत होतं. दुपारी त्याला कोणी विचारलं नाही. दुपारी साखर चढायची, संध्याकाळपर्यंत तशीच राहायची. वर्षानुवर्षं असं झालं की वाहिन्या आतून खराब होतात. रक्तदाब आणि चरबीही वाढलेली आहे, तिकडेही लक्ष नव्हतं." त्या शेवटच्या पानाशी आल्या. 'साखर उतरली', अकरा तारखा. त्यांनी त्या बोटाने मोजल्या. "यातल्याच कुठल्यातरी दिवशी पहिला झटका आला असावा," त्या म्हणाल्या. "कुठल्या ते आता सांगता येणार नाही."

माझं अक्षर होतं ते. सुवाच्य, तारखेसकट.

ऑपरेशन करायचं ठरलं, धोका जास्त आहे हे त्यांनी लपवलं नाही. हृदय दमलेलं होतं, पण थांबलो तर उरलेली वाहिनीही जाईल, असं त्यांचं म्हणणं. उद्या सकाळी.

बाहेर बाकावर वहिनी वही मांडीवर घेऊन बसल्या.  मग म्हणाल्या, "मीच मारलं हो यांना. आकडा चांगला आला की मी भात वाढवून द्यायचे. बक्षीस म्हणून. रोज स्वतःच्या हाताने भरून दिलं."

मला वाटलं होतं, गप्प बसणं सोपं जाईल, दोन महिन्यांची सवय होती. पण त्या रडत नव्हत्या, नुसत्या स्वतःच्या तळहातांकडे बघत होत्या, आणि ते मला सहन झालं नाही.

"वहिनी, मला माहीत होतं," मी म्हणालो. "दोन महिन्यांपूर्वी दुकानात बघितली होती, जेवणानंतर. दादा म्हणाला सांगू नकोस."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "किती होती?"

"दोनशे शहाऐंशी."

मला वाटलं त्या ओरडतील, निदान उठून जातील. त्यांनी वही उघडली, मला तारीख विचारली, मागे मागे जाऊन ती शोधली, पिशवीतून पेन काढलं आणि दोन्ही माझ्या हातात दिलं. "लिहा," म्हणाल्या. त्या सकाळच्या एकशे सातच्या शेजारी मी दोनशे शहाऐंशी लिहिलं. आकडा वाकडा आला.

संध्याकाळी भेटायची वेळ झाली तेव्हा त्या वही घेऊनच आत गेल्या. दादाच्या नाकात नळी होती, छातीला तारा. त्यांनी ते पान त्याच्यापुढे धरलं. मी पायथ्याशी उभा होतो, आता काय ऐकावं लागणार म्हणून. दादाने चष्मा मागितला, वाचलं, चष्मा परत दिला. वहिनी पाणी आणायला बाहेर गेल्या.

"तू माझं ऐकलंस कशाला?" दादा म्हणाला.

रागाने नाही. एखादा काटा कुठे चुकतोय हे विचारावं तसं, खरोखर जाणून घ्यायचं म्हणून. तीस वर्षांत त्याने मला कामं सांगितली होती, शिव्या दिल्या होत्या, शाबासकीही दिली होती, पण असं कधी विचारलं नव्हतं. तो वाट बघत होता. नर्स आली आणि वेळ संपली म्हणाली.

"सकाळी सांगतो," मी म्हणालो.

त्याने मान हलवली.

सकाळी मी सहाला पोचलो. त्याला दहा मिनिटांपूर्वीच आत नेलं होतं, एक ऑपरेशन पुढे ढकललं म्हणून याचं आधी घेतलं. वहिनी म्हणाल्या, जाताना दाराकडे बघत होते, तुम्ही आलात का विचारलं दोनदा. साडेअकराला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. टोपी त्यांनी आधीच काढून हातात धरली होती, त्यावरून मला कळलं.

उत्तर काही अवघड नव्हतं. आदल्या रात्रीच, घरी गेल्यावर, बूट काढता काढता मला ते मिळालं होतं. मला त्याची भीती वाटायची. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस मी, आणि थोरल्या भावाचा आवाज हळू झाला की तो सांगेल ते मी करायचो. सकाळी हे त्याला कसं सांगायचं, याचीही मला भीती वाटत होती, म्हणून मी त्या दिवशी इस्पितळाबाहेर चहा घेत पंधरा मिनिटं उगाच काढली. वहिनींना एवढंच अजून सांगितलेलं नाही.